रेशमाचे आठ तुकडे : एका चीगाँग वर्गातील दोन महिने

गुडघेदुखीमुळे भरभर चालणे बंद करावे लागले, तेव्हा उभ्यानेच पण संथपणे करता येईल असा व्यायाम शोधत मी सोलापुरातील एका चीगाँग (संथ हालचाली आणि श्वास यांची सांगड घालणारा चिनी व्यायाम) वर्गात नाव नोंदवले आणि दरमहा 900 रुपये भरून दोन महिने नियमित सराव केला.

येथे ‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा क्रम शिकवतात. भरजरी रेशमी वस्त्राचे आठ तुकडे असा या नावाचा अर्थ असल्याने मागांच्या या गावाला तो परका वाटू नये. चीनमध्ये हा क्रम सोंग राजवटीपासून (दहावे ते तेरावे शतक) ज्ञात आहे. दोन्ही तळवे आकाशाकडे रेटणे, धनुष्याची दोरी खेचावी तसा हात मागे नेणे, मुठी आवळून डोळे वटारणे आणि अखेरीस टाचा उचलून सात वेळा खाली टेकवणे, हे पाहताना पोरखेळ वाटते. मात्र गुडघे किंचित वाकवून, श्वास लांबवत तेच करू लागल्यावर पहिला आठवडाभर माझ्या मांड्या थरथरत होत्या. शिक्षक ‘ची’च्या, म्हणजे शरीरात वाहते असे मानलेल्या प्राणऊर्जेच्या, प्रवाहाविषयी बोलतात खरे, पण त्यांचे लक्ष असते ते गुडघा पावलाच्या रेषेत आहे का, याकडे. माझ्यासाठी त्यांनी बैठक उथळ केली आणि टाचा आपटू दिल्या नाहीत. आता जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही.

तक्रार आहे ती त्याच सभागृहात 4500 रुपयांना दिल्या जाणाऱ्या रेकी दीक्षेविषयी. हातांतून ऊर्जा देऊन आजार बरे करण्याचा दावा करणारी ही पद्धत. पत्रकात तिला ‘पाच हजार वर्षांची चिनी विद्या’ म्हटले आहे. वास्तविक रेकी जपानी असून मिकाओ उसुई यांनी ती 1922 मध्ये सुरू केली. म्हणजे 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या आणि पुढे चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याहूनही ती बारा वर्षांनी धाकटी. इतिहासाची चूक एक वेळ सोडून देता येईल, परंतु मधुमेह असलेल्या एका सहाध्यायी बाईंना दीक्षेनंतर गोळ्या कमी करता येतील असे सांगण्यात आले, हे अक्षम्य आहे. हातांतून ऊर्जा देऊन असा आजार आटोक्यात येतो याला वैद्यकीय पुरावा नाही. मी दीक्षा घेतली नाही. चीगाँगचे शुल्क मात्र तिसऱ्या महिन्यासाठीही भरले आहे.

जाणाऱ्यांनी सकाळी सहाची तुकडी घ्यावी. आठच्या तुकडीला पत्र्याचे छत तापलेले असते आणि पंखे दोनच आहेत.