दंडावरचा शुगर सेन्सर आणि बाबांचा राग

बाबांचं इन्सुलिन फार वर्षांपासून चालू आहे. शुगर खाली गेली की पूर्वी त्यांना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे. वारंवार ‘लो’ होत गेलं की शरीर अशी आगाऊ सूचना देणं हळूहळू बंद करतं. बाबांचं तेच झालं. उरला तो राग. चष्मा जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचं, आणि तासाभराने विषय काढला तर “मी? कधी ओरडलो?” सोंग नव्हतं ते, खरंच आठवायचं नाही. म्हणून 14 दिवस चालणारा हा सेन्सर घेतला.

दंडाच्या मागच्या बाजूला दाबून बसवायचा, बारीकशी तार कातडीखाली जाते, दुखत नाही. दर काही मिनिटांनी फोनवर साखरेचा आकडा आणि ती चढतेय की उतरतेय ते सांगणारा बाण दिसतो. माझ्या मते पैसे वसूल होतात ते बाणामुळे. स्थिर 80 असेल तर निवांत बसावं; 95 आणि बाण सरळ खाली, तर उठावं.

बँकेच्या कागदांवरून बाबा माझ्यावर घसरले तेव्हा फोन पाहिला: 58, आणि बाण खालीच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण एकूण ऊर्जेतली 20 टक्क्यांच्या आसपास तोच खातो, आणि स्वतःकडे साठा जवळपास काही ठेवत नाही. पुरवठा तुटला की आधी संयम जातो, आणि त्या वेळचं नीट नोंदवलंही जात नाही. वाद न घालता 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं, 15 मिनिटांनी पुन्हा पाहिलं. आकडा वर आला, बाबा कागद चाळायला लागले. भांडण त्यांच्या लेखी झालंच नव्हतं.

उलटा प्रकारही दिसला. काकांशी फोनवर खडाजंगी झाली, पोटात काही गेलेलं नसताना आलेख चढत गेला. रागात अॅड्रेनलिन सुटतं, यकृत साखर रक्तात सोडतं. ते भांडण मात्र बाबांना शब्दन् शब्द पाठ आहे! भावना तीव्र असताना घडलेलं पक्कं लक्षात राहतं, त्यात या अॅड्रेनलिनचा हात असतो.

आता तोटे. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. माणूस वेगळा वाटतोय आणि आकडा ठीक दिसतोय, तर बोट टोचून तपासाच. त्या कुशीवर झोपलं की दाब पडून खोटा ‘लो’ दाखवतो आणि मध्यरात्री अलार्म अख्ख्या घराला उठवतो. चिकटपट्टीही घामाने सुटते. आमचा एक सेन्सर मुदतीआधीच निघाला, आणि कंपनीच्या हेल्पलाइनने नुसतं ताटकळत ठेवलं.

बाबांची तक्रार वेगळीच. ते आवाज चढवायला लागले की सगळे आधी फोनकडे बघतात. परवा म्हणाले, “118 आहे. आता बोलू का?” रास्त आहे. प्रत्येक राग साखरेच्या खात्यात टाकता येत नाही.

इन्सुलिनवर असलेलं, एकटं राहणारं किंवा ‘लो’ न जाणवणारं कुणी घरात असेल तर जरूर घ्या, आणि आकडे घरच्या दुसऱ्या फोनवरही दिसतील अशी सोय करून घ्या. मधुमेह नसताना नुसता मूड तपासायला घेणार असाल, तर राहू द्या.