स्लेटचं ‘ॲप्लिकेशन स्टेटस’ पान: कागदपत्रांसाठी चोख, निकालाबाबत मुकं

अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज केल्यावर पुढचे दोन-तीन महिने ज्या पानाकडे डोळे लागलेले असतात, ते बऱ्याच ठिकाणी टेक्नोल्यूशन्स कंपनीच्या स्लेट या प्रणालीवर चालतं. रंग आणि लोगो बदलतात, आतली रचना तीच. खातं मात्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. एकीकडचा पासवर्ड दुसरीकडे चालत नाही. अर्ज गेल्यावर लिंक आणि तात्पुरता पिन ईमेलने येतो. दोन-चार दिवसांत आला नाही तर आधी स्पॅम बघा.

या पानाचा खरा उपयोग चेकलिस्टसाठी. प्रत्येक कागदापुढे ‘रिसीव्ह्ड’, ‘अवेटिंग’ किंवा ‘वेव्ह्ड’ (म्हणजे माफ) दिसतं. अंतिम तारखेच्या आसपास ढिगाने कागद येतात, त्यामुळे पाठवलेला कागदही आठवडा-दोन आठवडे ‘अवेटिंग’ राहू शकतो. तेवढ्यावरून पुन्हा-पुन्हा अपलोड करू नका, फाइलमध्ये नुसत्या प्रती वाढतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टोफेल (इंग्रजीची परीक्षा) आणि जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) यांच्या गुणांचा. अर्जात स्वतः भरलेले गुण वेगळे आणि या परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेकडून थेट आलेले अधिकृत गुण वेगळे. पहिले दिसले म्हणजे दुसरे पोचले असं नाही. अधिकृत गुण नाव, जन्मतारीख अशा तपशिलांवरून अर्जाशी जुळवले जातात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि अर्जात ते गाळलंय, किंवा आडनाव आधी लिहिलंय, की गुण येऊनही अधांतरी पडून राहतात. अंतिम तारखेनंतर दोन-तीन आठवड्यांनीही टिक आली नाही तर प्रवेश कार्यालयाला मेल करा. विषयात अर्जाचा क्रमांक, आत परीक्षेचा नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख आणि परीक्षेतलं आणि अर्जातलं नाव जसंच्या तसं. एवढं दिलं की शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. टोफेलचे गुण 2 वर्षं आणि जीआरईचे 5 वर्षं ग्राह्य असतात, हेही आधीच तपासलेलं बरं.

शिफारसपत्र ‘अवेटिंग’ असेल तर बहुतेक वेळा सरांच्या किंवा मॅडमच्या इनबॉक्समध्ये लिंक पोचलेलीच नसते. आठवणीचा मेल पुन्हा पाठवायची सोय असते, ती वापरा; पण सोबत फोन करून स्पॅम बघायला सांगा. नुसती बटणं दाबून पत्र येत नाही.

आता निकाल. इथे हे पान अगदीच कमी पडतं. सगळ्या टिका हिरव्या झाल्या म्हणजे अर्ज वाचायला तयार झाला, वाचला गेला असं नाही. समितीच्या टेबलावर काय चाललंय त्याचा मागमूस इथे लागत नाही. पानाच्या पत्त्यात काही बदललं का, सोर्स कोडमध्ये काही लपलंय का, यात रात्री घालवणारे पुष्कळ आहेत. त्यातून खात्रीचं काही हाती लागत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत निकाल विभागवार आणि टप्प्याटप्प्याने लागतात. दुसऱ्याला होकार आला म्हणून तुमचा नकार ठरत नाही.

निकाल लागला की मेल येतो, ‘तुमच्या अर्जात बदल झाला आहे’ एवढाच. होकार की नकार, ते त्यात नसतं. लॉगिन केल्यावर चेकलिस्टच्या वर नवा चौकोन दिसतो, ‘व्ह्यू अपडेट’ दाबलं की पत्र उघडतं. काही विद्यापीठं होकाराच्या पत्रावर रंगीत कागदांचा पाऊस पाडतात. हौस त्यांची, पण तो पडला नाही म्हणून घाबरून जाऊ नका, पत्र नीट वाचा.

वेटलिस्ट (प्रतीक्षायादी) आली तर नुसतं थांबून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी यादीत राहायचं आहे हे याच पानावरच्या फॉर्ममधून कळवावं लागतं, नाहीतर नाव यादीत धरलं जात नाही. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेचा ठराव मान्य केलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. म्हणून पदव्युत्तर वेटलिस्टची हालचाल त्याच सुमाराला होते. मुदतीची वेळ विद्यापीठाच्या घड्याळाची असते, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे बहुतेक ठिकाणी घड्याळ एक तास पुढे जातं.

होकाराचं पत्र त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. प्रवेशाचा हंगाम संपल्यावर हे पान उघडेलच याचा भरवसा नाही, आणि पत्राची प्रत पुढेही लागते.