स्वस्तातला ट्यूब ॲम्प आणि भारीतला ट्यूब ॲम्प: महिनाभर शेजारी ठेवून वाजवले, मग उघडूनही बघितले

माझ्याकडे चार वर्षांपासून गिटारचा एक स्वस्तातला ट्यूब ॲम्प आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) आवाज वाढवणारा. पाच वॉटचा, प्रीॲम्पला म्हणजे पहिल्या टप्प्याला १२एएक्स७ नावाची एक ट्यूब, पुढे स्पीकरला ताकद द्यायला ईएल८४ ही एक पॉवर ट्यूब, आठ इंची स्पीकर, सेकंडहँड चौदा हजारात घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझ्या एका पीसवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. आणि मागच्या दिवाळीत जळगावच्या माझ्या मित्राचा मोठा भाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला तर त्याच्या सामानात फेंडरचा '६४ कस्टम प्रिन्स्टन रिव्हर्ब निघाला, हाताने वायरिंग केलेला, ज्याच्या किमतीत आपल्याकडे चांगली मोटरसायकल येते. त्यांच्या घराचं काम चालू होतं म्हणून दादाने तो महिनाभर माझ्याकडे भुसावळला ठेवायला दिला. मी रोज संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून एकच गिटार, एकच केबल, आळीपाळीने वाजवले.

आधी खरं सांगतो, घरातल्या आवाजात, म्हणजे आई शेजारच्या खोलीत सिरियल बघतेय आणि मी दार लावून वाजवतोय एवढ्या आवाजात, फरक आहे पण अंगावर येणारा नाही. पहिल्या संध्याकाळी तर मी थोडा खट्टूच झालो, म्हटलं एवढ्या पैशाचं काय मग. दोन दिवसांनी घरचे सगळे लग्नाला यावलला गेले तेव्हा दोन्हीचा व्हॉल्यूम सहापर्यंत नेला आणि तिथे कळलं. साधा ई मेजर कॉर्ड जोरात मारला तर माझ्या ॲम्पमध्ये खालची तार नुसती भसाभस होते, सहा तारांचा एकच गोळा होऊन बाहेर पडतो. प्रिन्स्टनमध्ये तोच कॉर्ड मारला की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि जोरात स्ट्रोक मारल्यावर आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलून वर येतो, जसं झोपाळा आधी मागे ओढून सोडला की तो झोकात पुढे येतो तसं. याला सॅग म्हणतात. प्रिन्स्टनमध्ये एसीचं डीसी करायला डायोडऐवजी रेक्टिफायर ट्यूब आहे, जोरात करंट खेचला की तिच्यावर व्होल्टेज थोडं पडतं आणि परत सावरतं, ते बोटांना जाणवतं. माझ्या ॲम्पमध्ये डायोड आहेत म्हणून तो लगेच आणि कडक उत्तर देतो, हे वाईट नाही, पण वेगळं आहे.

बरेच जण समजतात की महागडा ॲम्प म्हणजे आत महागड्या ट्यूब. तसं नाही. १२एएक्स७, जिला युरोपात ईसीसी८३ म्हणतात, ती माझ्यातही आहे आणि प्रिन्स्टनमध्येही आहे. आम्ही एकातली काढून दुसऱ्यात लावून बघितली, फरक पडला पण अगदी बारीक. आजच्या बहुतेक नव्या ट्यूब स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनमधून येतात, स्वस्त असो की महाग, २०२२ मध्ये रशियाचा पुरवठा अडकला तेव्हा सगळ्यांनाच भाव चढून मिळाल्या. पैसे जातात ते लोखंडात, लाकडात, स्पीकरमध्ये आणि हातकामात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पेटी, स्पीकरचा कोन आणि सोल्डरिंग.

ट्रान्सफॉर्मरचं जरा नीट सांगतो कारण खरी गोम इथेच आहे. ईएल८४ ला साधारण पाच हजार ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा, मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ते जुळवून देतो, वेढ्यांचं प्रमाण साधारण २५ ला १. एकाच पॉवर ट्यूबचा ॲम्प असला की या ट्रान्सफॉर्मरमधून कायम डीसी वाहत राहतो, मग कोअर मोठा लागतो आणि त्यात बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर कोअर भरून जातो आणि पहिला बळी खालच्या सुरांचा जातो. स्वस्तात बनवायचं म्हटलं की कोअर लहान होतो. माझ्या ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आगपेटीपेक्षा थोडा मोठा आहे, खोटं नाही सांगत. प्रिन्स्टनमध्ये ६व्ही६ नावाच्या दोन पॉवर ट्यूब समोरासमोर ढकल-ओढ करतात, पुश-पुल, तिथे दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना खोडतो, आणि वर ट्रान्सफॉर्मरही भरीव. म्हणून खालची तार तशी घट्ट वाजते.

आता आवाजाचं. पाच वॉट आणि बारा वॉट म्हणजे दुपटीहून जास्त, पण कानाला तसं लागत नाही, पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतात. बारा वॉटचा प्रिन्स्टन कागदावर माझ्यापेक्षा चार डीबीसुद्धा पुढे नाही. तरी तो खोली भरून टाकतो, त्याला कारण दहा इंची स्पीकर आणि मोठी पेटी. हे लक्षात आल्यावर मी माझ्या ॲम्पचा आठ इंची स्पीकर काढून टाकला नाही, फक्त मागच्या सॉकेटमधून बाहेर जोडणी घेतली. सुताराकडून १८ एमएमच्या प्लायची मागून अर्धी उघडी पेटी बनवून घेतली, तिच्यात सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर बसवला, बारा इंची, आठ ओहमचा. ग्रीनबॅकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये तो किती मोठ्याने वाजतो ते माप, ९८ डीबी आहे, स्वस्त लहान स्पीकरची त्याहून बरीच कमी असते, म्हणजे ॲम्प तोच ठेवून नुसत्या स्पीकरने वॉट वाढवल्यासारखा परिणाम मिळतो. ज्या दिवशी ती पेटी लावली त्या दिवशी माझ्या चौदा हजारवाल्याचं वय एकदम वाढल्यासारखं वाटलं, आवाजाला छाती आली. कोणी मला विचारलं की स्वस्त ट्यूब ॲम्पवर आधी काय खर्च करू, तर ट्यूब नको भो, स्पीकर बदल.

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते आवाजासाठी नाही. मागच्या मे महिन्यात रावेर तालुक्यात एका हळदीला आमच्या ऑर्केस्ट्रात मी हाच स्वस्तातला ॲम्प नेला होता. भुसावळ-रावेरकडचा मे महिना काय असतो हे इकडच्यांना सांगायला नको, रात्री नऊ वाजता पण वारा भट्टीतून आल्यासारखा. मांडवात हॅलोजन, बर्फाचा गोळावाला, दोन मोठे कूलर आणि साऊंडवाल्याचं सगळं एकाच लाईनवर, मीटर लावून बघितलं तर १८० व्होल्ट. ट्यूबच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, २३० चे १८० झाले की तिथे ४.९ च्या आसपास उरतात, वरचं मोठं व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली. ॲम्पचा जीवच गेल्यासारखा आवाज. तिसऱ्या गाण्यात चर्र-चर्र सुरू झालं, मग मधे मधे आवाज गायब, वरून हाताने थोपटलं की परत यायचा. नवरदेवाच्या मामाची फर्माईश चालू होती आणि माझी गिटार बंद. उरलेला कार्यक्रम कीबोर्डवाल्याने ओढून नेला, त्या पोराचे आभार मी आयुष्यभर मानीन.

दुसऱ्या दिवशी भुसावळमध्ये आमच्या ओळखीच्या काकांकडे गेलो. काका ऐंशीच्या घरात, तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ आणि मांडवातल्या कर्ण्यांची मशीनं दुरुस्त करायचे, ट्रान्झिस्टर आल्यावर टीव्हीवर गेले, आता दुकान मुलगा बघतो, मोबाईलचं. त्यांनी ॲम्प उघडला, आधी एक जाड रेझिस्टर घेऊन कपॅसिटर खाली केले, कारण ॲम्प बंद करून वायर काढली तरी आत तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात, आणि हे करताना त्यांनी डावा हात पाठीमागे ठेवला. का विचारलं तर म्हणाले, दोन हात आत गेले की करंट छातीतून जातो. कोणी घरी उघडणार असेल तर हे वाचून ठेवा, आणि खरं तर उघडूच नका.

आत एक पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, ट्यूबचे सॉकेट थेट त्या पीसीबीवर सोल्डर केलेले. ईएल८४ भाजून निघते, तिच्या पायाशीच सोल्डर, वर बाईकवरून केलेला प्रवास, आणि खाली स्पीकरचे हादरे. काकांनी भिंग लावून दाखवलं, सॉकेटच्या एका पिनाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडली होती. बस तेवढंच. पण त्या पिनापर्यंत पोचायला पूर्ण बोर्ड काढावा लागला, नॉब काढा, पॉट काढा, सगळ्या पट्ट्यांच्या केबल काढा, त्यात दीड तास गेला. सोल्डर मारायला एक मिनिट.

दिवाळीनंतर प्रिन्स्टन घरी आला तेव्हा मी काकांना रिक्षात बसवून घरी आणलं, कारण तो १२० व्होल्टचा होता आणि दादाला लावण्याआधी खात्री करून हवी होती. ज्यांचे नातेवाईक तिकडून ॲम्प आणतात त्यांनी हे नीट ऐका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, तो ॲम्प मेन्सवरून जेवढे वॉट खेचतो (आवाजाचे वॉट नव्हे) त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. आणि तिकडे ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०, त्यामुळे तिकडच्या हिशोबाने बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो, हात लावून बघत राहायचं. काकांनी व्होल्टेज मोजून पास केलं, आणि मग दादाला विचारून मागून चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, खाली घेतलं.

त्यांनी आत बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नुसतं बोट फिरवत राहिले, हा रेझिस्टर, ही वायर, इथून इकडे. मग म्हणाले, ‘हे तर आपल्या रेडिओसारखंच हाये भो, पाह्य, वायर कुठून निघाली न कुठी गेली ते डोयाले दिसते. हे मी बिना नकाशाचं पन दुरुस्त करीन.’ पट्टीवर प्रत्येक पार्ट स्वतंत्र बसवलेला, सॉकेट चेसिसच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेले, म्हणजे ट्यूबची उष्णता आणि हादरा पत्रा झेलतो, सोल्डर नाही. मी त्यांना सांगितलं की हे बनवणारा लिओ फेंडर स्वतः रेडिओ मेकॅनिकच होता, १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ रिपेअरचं दुकान होतं. काकांनी परत एकदा आत वाकून बघितलं.

आपल्यासाठी महागड्या ॲम्पचा खरा फायदा हाच आहे असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत सर्व्हिस सेंटर असतील, खान्देशात ट्यूब ॲम्पचा माणूस शोधायचा म्हणजे काकांसारखे दोन-चार जण उरलेत, आणि ते जे दुरुस्त करू शकतात तेच आपल्याकडे टिकणार.

मग सगळ्यांनी दोन लाख घालायचे का? नाही. मधल्या रांगेत फेंडरचा ब्लूज ज्युनियर आहे, पंधरा वॉट, दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर, आवाज घुमवायला खरा स्प्रिंगचा रिव्हर्ब. तो मी नाशिकला मामेभावाकडे बऱ्याचदा वाजवलाय, आत पीसीबीच आहे पण आवाज स्टेजवर उभा राहतो. व्हॉक्सचा एसी१५सी१ पण त्याच रांगेतला, त्यात ग्रीनबॅक कंपनीकडूनच येतो, आणि झणझणीत वरचे सूर हवे असतील तर तोच घ्या. ऑर्केस्ट्रात, लग्नात, गणपतीत वाजवणाऱ्याने माझ्या मते यातला एक घ्यावा, सोबत चांगला स्टॅबिलायझर घ्यावा आणि तिथे थांबावं. आणि बजेट पंधरा-वीस हजारच असेल, ॲम्प बाहेर न्यायचा असेल, तर स्वस्त ट्यूबच्या मोहात पडू नका, त्या पैशात ट्रान्झिस्टरचा चांगला ॲम्प येतो आणि रात्रभर न कुरकुरता वाजतो. स्वस्त ट्यूब ॲम्प घरी शिकायला, सूर कसा तापत जातो ते समजायला उत्तम आहे. मी त्याच्यावरच शिकलो, विकणार नाही.

वापराचं दोनच सांगतो. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि कार्यक्रम संपला की लगेच टेम्पोत टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, गरम ट्यूबला हादरा सोसत नाही.

प्रिन्स्टन जानेवारीत परत गेला. पण काकांच्या डोक्यात तो बसलाय. त्यांनी घरातली जुनी पत्र्याची पेटी काढली, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ट्यूब, काहींवर बीईएलचा शिक्का, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या, जेव्हा तिथे व्हॉल्व्ह बनायचे तेव्हाच्या. आता आम्ही फेंडरच्या जुन्या चॅम्पचं सर्किट घेऊन पाच वॉटचा एक बनवतोय, पट्टीवर, हाताने. मेन्स ट्रान्सफॉर्मर जळगावला विहिरीच्या मोटारी भरणाऱ्याकडून भरून घेतला, त्याने दोन दिवसांत दिला. आउटपुटचा मात्र काकांनी त्याला देऊ दिला नाही, म्हणाले त्याचे थर एकाआड एक भरावे लागतात, ते मोटारवाल्याचं काम नाही, तयारच मागव. तो मागवलाय. तोवर काका रोज संध्याकाळी पट्टीवर रेझिस्टर मांडतात, परत काढतात आणि दोन सूत सरकवून परत मांडतात.