लहान हायस्कूलचे शिक्षक आणि कर्मचारी : आठवीच्या वर्षाचा पालक म्हणून अनुभव

मुलीला जूनमध्ये एका मोठ्या शाळेतून काढून आठवीला या शाळेत घातलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणजे पहिल्या महिन्याचं कौतुकही ओसरलंय आणि पहिल्या भांडणाचा रागही. शाळा नाशिकच्या बाहेरच्या बाजूला आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे 2012 च्या कायद्याखाली परवानगी मिळालेली. सरकारी अनुदान नाही, शिक्षकांच्या पगारापासून खडूपर्यंत सगळं फीमधून. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एवढ्या लहान ठिकाणी नुसतं 'गणिताच्या मॅडम' म्हटलं तरी कोण ते कळतं, आणि खाली तक्रारीही आहेत.

इमारत, मैदान, स्मार्ट बोर्ड याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. मला इथल्या माणसांबद्दल लिहायचंय, कारण एक तुकडी असलेल्या शाळेत एक माणूस म्हणजे एक अख्खा विषय असतो. तो चांगला असेल तर तीन वर्षं चांगली जातात. तो गेला की विषयच उघडा पडतो. आम्ही या वर्षात दोन्ही पाहिलं.

आधी वर्गशिक्षकांबद्दल. हेच विज्ञानाचे सर. आठवी, नववी, दहावी तिन्ही वर्ग त्यांच्याकडे, आणि प्रयोगशाळा सहाय्यक नसल्यामुळे प्रयोगांची मांडामांडही तेच करतात. 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' या धड्याला त्यांनी प्रत्येक जोडीला खिळा, तांब्याची तार आणि सेल दिला. मुलांनी स्वतः वेढे घातले, वेढे वाढवले की टाचण्या जास्त चिकटतात हे स्वतः पाहिलं. आधीच्या शाळेत प्रयोगशाळा याहून कितीतरी मोठी होती, पण प्रयोग टेबलाजवळच्या चारपाच मुलांनाच दिसायचा. सर धडा आधी मराठीत समजावतात आणि मग मुलांकडून एकेक वाक्य इंग्रजीत लिहून घेतात. सातवीपर्यंत सगळं मराठीत शिकलेल्या मुलांना याचा फार आधार झाला. वह्या तपासताना नुसती लाल बरोबरची खूण नसते, कुठल्या पायरीला गडबड झाली तिथे समासात लिहिलेलं असतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. रेणुसूत्रांतले खालचे छोटे आकडे ती फळ्यावरून सारखे चुकीचे उतरवते, उत्तर मात्र तोंडी बरोबर सांगते, तेव्हा डोळे तपासून घ्या, म्हणाले. चष्मा लागला. घरात आमच्या कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. वर्गात तीसेक मुलं असली आणि तोच माणूस रोज समोर असला तर असं घडतं. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. ते कागदावर बऱ्याच शाळा पाळतात, पण त्याचा उपयोग मला पहिल्यांदा त्या फोनमधून कळला.

आता गणित. जूनमध्ये ज्या मॅडम होत्या त्या तरुण आणि फार तयारीच्या होत्या. 'त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा' हा धडा त्यांनी कागदाच्या घड्या घालून शिकवला, तीनही मध्यगा एका बिंदूत मिळतात हे मुलांनी घडीवर बोट ठेवून दाखवलं. दिवाळीनंतर त्या गेल्या. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिलेली होती, पवित्र या सरकारी भरती पोर्टलच्या यादीत नाव लागलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली. त्यांना मी एका शब्दानेही दोष देणार नाही. विनाअनुदानित शाळेतला पगार आणि सरकारी नोकरीतली शाश्वती यांत त्यांनी जे निवडलं ते कुणीही निवडेल.

पण त्यानंतर शाळेने जे केलं ते चुकीचं होतं. नवीन माणूस मिळेपर्यंत गणिताचे तास कधी इंग्रजीच्या मॅडमनी भरले, कधी मुख्याध्यापकांनी, कधी मुलांना नुसतं पुस्तकातली उदाहरणं सोडवायला सांगितलं. 'बहुपदींचा भागाकार' हा दुसऱ्या सत्राचा पहिला धडा असाच हवेत गेला. आणि पालकांना कुणी काही कळवलं नाही, आम्हाला मुलांकडून समजलं. 2023 पासून राज्यात आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा आठवी. अशा वर्षी विषयाला शिक्षक नाही ही गोष्ट पालकांपासून लपवायची नसते. नंतर एक निवृत्त सर अर्धवेळ आले. विषयावर त्यांची पकड जबरदस्त आहे, फळ्यावरची मांडणी बघत राहावी अशी, पण वेग दहावीच्या वर्गाचा आहे आणि मुलं शंका विचारायला बिचकतात. मुलीचे बहुपदी आम्ही घरीच भरून काढले.

म्हणून प्रवेश घेताना मी आता एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगेन : तुमच्याकडे कायम झालेले शिक्षक किती आणि कोणत्या विषयांचे? खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, त्यात परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ दोन वर्षांचा आहे. दरवर्षी नवेच चेहरे दिसत असतील तर तिथे कुणी कायम होतच नाहीये, हे ओळखावं. आमच्याकडे विज्ञान, मराठी आणि समाजशास्त्राची माणसं जुनी आहेत. गणित आणि इंग्रजीची बदलत राहतात.

मुख्याध्यापक बाई रोज सकाळी फाटकाशी उभ्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात. दहावीचं मराठी व्याकरण स्वतः शिकवतात. अडचण एवढीच की सगळे निर्णय त्यांच्यापाशी येऊन थांबतात. त्या रजेवर असल्या की साधं पत्रही सही होऊन मिळत नाही.

कार्यालयातल्या लिपिक भाऊंबद्दल कुणी अभिप्राय लिहीत नाही, म्हणून मी थोडं सविस्तर लिहिते. प्रवेशाच्या वेळी त्यांनी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून वाचलं. आधीच्या दाखल्यात माझ्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते म्हणाले, ताई, जनरल रजिस्टरला आत्ता असंच चढलं तर पुढे बोर्डाच्या फॉर्मवर हेच जाईल आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून येईल, मग दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतील. मला आधीच्या शाळेकडून दुरुस्ती करून आणायला लावलं. तेव्हा कटकट वाटली. पण नंतर शेजारच्या मुलाची बारावीनंतरची धावपळ पाहिली आणि भाऊंची किंमत कळली. अशी कामं करणारा माणूस शाळेत असणं हे उत्तम शिक्षक असण्याइतकंच महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत झालंय.

आणि मावशी. मुलीची पाळी पहिल्यांदा शाळेतच आली. मावशींनी तिला वर्गातून हळूच बाहेर नेलं, पॅड दिलं, स्वतःचं स्वेटर कमरेला बांधायला दिलं आणि मला फोन लावून तिच्याच हातात दिला. मी पोचले तेव्हा ती गरम पाणी पीत त्यांच्याशी गप्पा मारत बसली होती. मुलींचं स्वच्छतागृह कायम स्वच्छ असतं, कचऱ्याचा डबा झाकणाचा असतो, साबण असतो. हे सगळं त्या एकट्या सांभाळतात. त्यांचा पगार वाढायला हवा हे मी पालक सभेत बोलले आणि पुन्हा बोलणार आहे.

सुरक्षिततेचं सांगायचं तर, ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्याने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश दिले. आम्ही प्रवेशाआधी विचारलं, तेव्हा बाईंनी आढेवेढे न घेता फाईल समोर ठेवली, त्यात शिपाई, मावशी आणि व्हॅनचालकांचेही कागद होते. ज्या शाळेत हा प्रश्न विचारल्यावर चेहरे बदलतात तिथे मी मूल पाठवणार नाही.

खेळाला पूर्णवेळ शिक्षक नाही. चित्रकलेचे सर आठवड्यातून ठरावीक दिवशी येतात, एलिमेंटरीची तयारी मात्र मनापासून करून घेतात. समुपदेशक नाही, ग्रंथपाल नाही. मूल खेळाडू असेल किंवा त्याला शिकण्यात काही विशेष मदत लागत असेल तर ही शाळा अपुरी पडेल.

आम्ही नववीलाही इथेच ठेवतोय. 2011 च्या फी कायद्यानुसार शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. यंदा त्यात माझं नाव नाही, तरी समितीला लेखी पत्र दिलंय : जूनच्या आत गणिताला पूर्णवेळ शिक्षक, आणि कुणीही शिक्षक सोडून गेले तर आठवड्याच्या आत पालकांना सूचना. त्यासाठी फी थोडी वाढली तरी चालेल, पण ती वाढ पगारात दिसली पाहिजे, असंही लिहिलंय. दुसरी मागणी बाईंनी तिथल्या तिथे मान्य केली. पहिलीसाठी मुलाखती सुरू आहेत. गणिताला कोण येतं आणि टिकतं का, ते नववीच्या पहिल्या सत्रानंतर पुन्हा लिहीन.