ध्रुवीय बर्फाचा अंदाज: कुठल्या पद्धतीवर विसंबायचं?

रशियाच्या उत्तर किनाऱ्याने माल न्यायचा असो की अंटार्क्टिकातल्या तळावर रसद पोहोचवायची असो, जहाज महिनोनमहिने आधी ठरवावं लागतं. त्यासाठी बर्फाचा अंदाज निवडताना पद्धतीआधी त्याची तारीख बघा. आर्क्टिकच्या बाबतीत तो मे संपण्याआधीचा की नंतरचा, यावर बरंच ठरतं.

हिवाळ्यात पातळ बर्फ भराभर जाड होतो, जाड बर्फ सावकाश वाढतो. त्यामुळे आधीची तूट बरीचशी भरून निघते. उन्हाळा लागला की गणित उलटतं. बर्फावर वितळलेल्या पाण्याची निळसर डबकी साचतात, ती ऊन शोषतात आणि आजूबाजूचा बर्फही खातात. जिथे हे लवकर सुरू होतं, तिथली तूट सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आर्क्टिकचा बर्फ वर्षातला सर्वांत कमी होईपर्यंत, वाढतच जाते. मार्चमध्येच कुणी सप्टेंबरच्या बर्फाचा नेमका आकडा सांगत असेल, तर त्यावर पैसे लावू नका.

1979 पासूनच्या उपग्रह नोंदींचा कल पुढे ओढणं सर्वांत स्वस्त, आणि सर्वसाधारण वर्षी त्याला हरवणं कठीण. वेगळं वर्ष आलं की सगळ्यांचीच पंचाईत होते. जून 2012 मध्ये त्या सप्टेंबरच्या आर्क्टिक बर्फविस्ताराबद्दल जगभरच्या गटांच्या अंदाजांचा मध्य 40 लाख चौरस किमीच्या वर होता. सप्टेंबरची सरासरी 36 लाखांच्या आसपास उतरली. पुढच्या वर्षी ती 50 लाखांच्या वर गेली, आणि अंदाज खाली राहिले.

जहाजवाल्यांसाठी मी हवा, समुद्र आणि बर्फ यांची गणितं एकत्र सोडवणारी संगणकी मॉडेलं निवडेन. ती खर्चिक आहेत, पण प्रदेशवार नकाशा देतात. नोव्हेंबर 2021 मध्ये रशियाच्या उत्तरेच्या लाप्टेव्ह आणि पूर्व सायबेरियन समुद्रात बर्फ लवकर धरला आणि वीसेक जहाजं अडकली. तिथे साऱ्या आर्क्टिकची बेरीज काय कामाची? 2021 मध्येच आलेलं आइसनेट हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन 25 किमीच्या प्रत्येक चौकटीसाठी सहा महिन्यांपर्यंतची बर्फ असण्याची शक्यता सांगतं, तेही झटपट. मॉडेलाच्या जोडीला ते जरूर घ्यावं.

बंदर बांधण्यासारखा वर्षांचा निर्णय असेल, तर विशिष्ट साल मागू नका. 2050 पूर्वी एखादा सप्टेंबर जवळपास बर्फमुक्त जाण्याची दाट शक्यता आहे. नेमकं वर्ष मात्र नैसर्गिक चढउतारांमुळे दोनेक दशकं मागेपुढे होऊ शकतं.

दक्षिणेत कल बाजूलाच ठेवा. 2014 मध्ये अंटार्क्टिकचा बर्फ 2 कोटी चौरस किमीच्या वर गेला होता. 2023 चा कमाल विस्तार 1.7 कोटींच्या आतच थांबला. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या भारतीय तळांच्या मोहिमा गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून आखल्या जातात. अशा आखणीत मॉडेलांच्या शक्यता, ताजी उपग्रह चित्रं आणि वेळापत्रकात भरपूर राखीव दिवस, हे तिन्ही हवंच.