+४ की हजारात ९९९?

क्लबातला बुद्धिबळाचा डाव घरी आणून इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, दाखवायचा, हे आता सगळेच करतात. त्याचं मत प्याद्यांच्या आकड्यात (अधिक म्हणजे आपण वर, उणे म्हणजे खाली) ऐकायचं, की हजारात किती विजय, बरोबरी, पराभव अशा तीन आकड्यांत? मी बरीच वर्षं पहिल्याच्या भरवशावर काढली.

आकड्याचा फायदा आहेच. ओपनिंगमधल्या दोन चालींत बरी कोणती, हे तो पटकन सांगतो. फक्त +१ म्हणजे 'एक प्यादं वर' असं धरू नका. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, +१ चा अर्थ असा बसवलाय की स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर तिथून साधारण निम्मे डाव जिंकतो.

माझं डोकं फिरलं ते एका जिंकलेल्या डावामुळे. एक हत्ती जास्त, घड्याळात दोन मिनिटं, म्हणून मी सरळ वजिराला वजीर दिला. +८ चे +४ झाले. तेव्हाच्या माझ्या प्रोग्रामने या आकड्याचा आलेख धाडकन खाली आणला आणि चालीपुढे चुकीचं प्रश्नचिन्ह ठोकलं! पुढच्याच आठवड्यात उंटाला हुसकायला एच-६ ही प्याद्याची चाल खेळलो, +०.३ चे −०.९ झाले, डाव तिथेच घसरला; आलेखात जेमतेम खळगा.

तीन आकड्यांत हे उलटं, म्हणजे सुलटं दिसतं. वजीर दिला तरी विजय हजारात ९९९ च्या आसपासच राहतो. एच-६ नंतर मात्र पराभवाचा आकडा चांगलाच फुगतो. हत्तींच्या अंत्यडावात, एकाच बाजूला चारास तीन प्यादी असताना, आकडा 'थोडं वर आहेस' म्हणून आशा लावतो. तीन आकड्यांत मात्र बहुतेक सगळं बरोबरीच्या खात्यात पडतं.

स्टॉकफिश हे तीन आकडे आपल्या मूल्यांकनावरून आणि पटावरच्या मोहऱ्यांवरून काढतो. लीला या दुसऱ्या इंजिनचं न्यूरल नेटवर्क ते थेट देतं, पण तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. माझ्या लॅपटॉपवर ती रखडते, त्यामुळे तिच्याविषयी जपूनच बोलतो.

एक खोट मान्य करतो. ही टक्केवारी इंजिनांच्या आपसातल्या डावांची. 'बरोबरी ९५०' असलेली स्थिती आमच्यासारखे खुशाल हरतात. आकडासुद्धा तिथे ०.०० म्हणून गप्पच बसतो म्हणा.

ओपनिंगपुरता आकडा मी अजून बघतो. पुढच्या डावासाठी इंजिनच्या पर्यायांत डब्ल्यूडीएलची, म्हणजे या तीन आकड्यांची, खूण करून ठेवलीय. मुळात ती बंद असते. आलेख मात्र तेव्हापासून उघडलेला नाही.