साताऱ्याहून वासोटा आणि गुहागर : एकाच ग्रुपबरोबरच्या दोन ट्रिपा

गेल्या तीन महिन्यांत आपल्या साताऱ्यातल्याच एका ग्रुपबरोबर दोन ट्रिपा झाल्या, एक वासोटा किल्ल्याची जंगलातली एका दिवसाची आणि दुसरी गुहागर साईडची समुद्राकाठची दोन दिवसांची. तेव्हापासून ऑफिसात रोज कोणीतरी विचारतंय, कसे आहेत ओ ते लोक, बायकांना बरं आहे का, गुडघे दुखणाऱ्याला जमेल का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ग्रुपचं नाव मुद्दाम देत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे आणि ती मी त्यांना फोन करून सांगून झालीय. ज्यांना जायचंय त्यांना पोवई नाक्यावर चौकशी केली तरी कळेल.

आधी हे सांगते की हे कडक ट्रेकवाले नाहीत. दोर लावून कडे चढणं वगैरे काही नाही, निवांत चालायचं, बघायचं, खायचं आणि परत यायचं. पंचवीस-तीस माणसं असतात, कॉलेजची पोरं असतात, नुकतं लग्न झालेली जोडपी असतात आणि माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या बायका पण असतात. मी माझ्या नणंदेबरोबर गेले होते, त्या कराडला असतात, त्यांना शुगर आहे आणि डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलंय.

वासोटा आम्ही डिसेंबरात केला. पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरून गाडी सुटली, यवतेश्वरचा घाट, कास, आणि मग खाली बामणोली. कासला फुलं नव्हतीच, ती सप्टेंबरात, त्यामुळे तिथं थांबलो पण नाही. बामणोलीला पोहे-चहा, आणि बोटीत बसायच्या आधी बायकांसाठी बाथरूमची सोय त्यांनी एका घरी आधीच सांगून ठेवली होती, हे मला फार आवडलं. पुढं दिवसभर जंगलात तशी काही सोय नसते, आणि बऱ्याच बायका केवळ ह्या एका कारणासाठी अशा ट्रिपांना नको म्हणतात. तिथल्या काकूंनी बादलीभर गरम पाणी काढून ठेवलं होतं. ज्यानं कोणी हा विचार केला त्याला मनापासून धन्यवाद.

शिवसागरमधून बोटीनं तास-सव्वा तास लागतो. हे कोयना धरणाचं बॅकवॉटर, साठच्या दशकात धरण झालं तेव्हा ह्या खोऱ्यातली किती तरी गावं पाण्याखाली गेली, माणसं कुठं कुठं पांगली. आमच्या बोटवाल्या मामांनी एका जागी इंजिन बारीक केलं आणि पाण्याकडं हात करून म्हणाले, "आमचं जुनं घर हितं खाली हाय." बोटीत पोरांचा आरडाओरडा चालला होता तो आपोआप थांबला. ट्रिप लीडरनं तिथं भाषण केलं नाही हे पण बरं केलं, नुसतं मामांना बोलू दिलं, आणि मामा बोलले ते शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

पलीकडे उतरलं की फॉरेस्टचं चेकिंग. कोयना अभयारण्य १९८५ सालचं, आणि २०१० पासून ते चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे नियम कडक आहेत आणि असलेच पाहिजेत. बॅगा उघडून प्लास्टिक मोजतात, किती बाटल्या नेल्या ते लिहून घेतात आणि येताना तेवढ्याच दाखवायच्या. ग्रुपवाल्यांनी आदल्या दिवशीच मेसेज टाकला होता की बिस्किटाचे पुडे आणू नका, घरून डब्यात घालून आणा, त्यामुळे आमचं चेकिंग पाच मिनिटांत झालं, आमच्या मागचा दुसरा ग्रुप मात्र वेफर्सच्या पिशव्या मोजत बसला होता.

चढ मात्र आहे हां. ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत, तिथून पुढं जंगल इतकं दाट की दहा वाजता पण ऊन खाली येत नाही. जांभूळ, हिरडा, कारवी, पायाखाली वाळलेल्या पानांचा थर, आणि वर शेकरू ह्या फांदीवरून त्या फांदीवर. मला आणि वन्संना सारखं थांबावं लागत होतं. आता ह्या ग्रुपची जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली ती इथं सांगते. त्यांचा एक पोरगा कायम सगळ्यांत मागं चालतो, तेच त्याचं काम. तो पुढं जात नाही, घाई करत नाही, फोनवर बोलत नाही. मी तिसऱ्यांदा दगडावर बसले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं, मी म्हटलं, "अरे बाळा, तू जा पुढं, आम्ही येतो हळूहळू." तर तो शांतपणे म्हणाला, "काकू, बोट आपल्याशिवाय हलत नाही." आणि पाठीवरच्या सॅकमधनं शेंगदाण्याचा लाडू काढून वन्संच्या हातावर ठेवायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं की त्यांना शुगर आहे, सकाळी गाडीत सांगितलेलं त्यानं ध्यानात ठेवलं होतं, लाडू परत ठेवला आणि काकडी काढली. चाकूनं चार फाका केल्या, मिठाची पुडी होती, आम्ही तिघांनी तिथं बसून खाल्ली. पुढची माणसं कधीच दिसेनाशी झाली होती पण आम्हाला एक क्षण पण भीती वाटली नाही.

वर पोहोचायला आम्हाला सव्वादोन तास लागले. गड म्हणून फार काही उरलेलं नाही, मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याची जोती, पाण्याचं टाकं. पण बाबूकड्यावर उभं राहून समोरचा जुना वासोटा आणि खाली कोकणाकडं तुटलेला कडा बघितला की पाय आपोआप दोन पावलं मागं येतात. ह्याच गडावर ताई तेलीण पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी लढली, लीडरनं ती गोष्ट तिथंच बसून सांगितली. दोन वाजता मात्र त्यानं सगळ्यांना उठवलं, फोटो राहिले म्हणणाऱ्यांना पण, कारण संध्याकाळच्या आत जंगलातून बाहेर पडावंच लागतं. १५०० रुपये घेतले, त्यात गाडी, बोट, फॉरेस्टची एंट्री, नाष्टा आणि जेवण. जेवण बामणोलीला परत आल्यावर, भाकरी, पिठलं, खर्डा, साधंच पण गरम. ह्या ट्रिपेला मी दहापैकी साडेनऊ देईन.

म्हणून फेब्रुवारीत गुहागरची आली तर विचारच केला नाही, दोन सीट लगेच बुक केल्या. ४२०० रुपये, गाडी, एक रात्रीचं राहणं आणि सगळी खाणी-पिणी धरून. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि गुहागर. वन्सं उंब्रजला चढल्या. खरं तर त्यांना पाऊण तास फाट्यावर थंडीत उभं राहावं लागलं कारण गाडी साताऱ्यातूनच उशिरा निघाली, दोघं जण वेळेवर आले नाहीत आणि अख्खी गाडी त्यांच्यासाठी थांबून राहिली. वासोट्याला असं झालं नव्हतं. तेव्हा मी काही बोलले नाही पण तिथूनच घसरगुंडी सुरू झाली असं आता वाटतं.

पहिला दिवस मात्र सोन्यासारखा गेला. दुपारी जेवून थोडी झोप काढली, आणि साडेचारला किनाऱ्यावर. तिथं त्यांनी एक गुहागरचेच दादा बरोबर घेतले होते, मासेमारी करणारे, साठीच्या आसपासचे. त्यांनी आम्हाला भरतीचा हिशेब शिकवला तो मी आता जन्मभर विसरणार नाही. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी माघ वद्य द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीड वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण तास पुढं सरकते म्हणून हा हिशेब बसतो. आम्ही घाटावरची माणसं, कॅलेंडरवर तिथी बघतो ती उपासासाठी, आणि हे लोक त्याच तिथीवर समुद्राची वेळ काढतात. वन्संनी लगेच बोटं मोजून अष्टमीची काढली, सहा वाजता, दादा खूश झाले.

पाणी मागं जायला लागलं होतं, त्यामुळे ओली घट्ट वाळू चालायला मिळाली. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात, ओल्या वाळूवर अनवाणी चाला, मैलभर चाललं तरी कळत नाही. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि किनारा एवढा लांब की दुसरं टोक धुरकट दिसतं. मी खाली वाकून बघत होते तर वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी, एका बारीक भोकापासून चहूबाजूंनी रांगा काढल्यासारखी. जरा स्तब्ध उभी राहिले तर भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागं टाकतो, परत वाळू, परत गोळी. मी दहा मिनिटं बघत होते. आणि मागं चालणारा तो पोरगा पण दहा मिनिटं थांबला होता, एक शब्द बोलला नाही.

पुढं जाळीचं कुंपण होतं, कासवांच्या अंड्यांचं. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री येऊन वाळूत अंडी घालतात, मग कुत्रे-कोल्ह्यांनी खाऊ नयेत म्हणून ती अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, प्रत्येक खड्ड्यावर तारखेची आणि अंड्यांच्या संख्येची पाटी. पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. हे काम कोकणात वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं सुरू केलं आणि मग बाकीच्या किनाऱ्यांवर पसरलं. २०२३ मध्ये ह्याच गुहागरच्या किनाऱ्यावरच्या दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, बागेश्री आणि गुहा, त्यातली बागेश्री पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आम्हाला पिल्लं बघायला मिळाली नाहीत, कोणी गॅरंटी देत असेल तर विश्वास ठेवू नका. रात्री आठ वाजता चंद्र वर आला तेव्हा वाळूत बसून आमच्यातल्या एका आजींनी अभंग म्हटला. मुक्कामाच्या घरी रात्रीचं जेवण, सोलकढी, कुळथाचं पिठलं, ज्यांना हवं त्यांना बांगडा, सगळं उत्तम.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी. तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी सव्वाआठला. वेळणेश्वरच्या किनाऱ्याच्या टोकाला खडकांच्या कडेनं पलीकडं जायचं असं प्लॅनमध्ये होतं, आणि त्यासाठी साडेसहाला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेनऊला. कोणी उठलं नाही, मग नाष्टा उशिरा, मग परत फोटो. खडकापाशी पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि पाणी चांगलंच चढलं होतं. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येतं. खडकांच्या मधल्या खाचांत लाट आत शिरून फसकन वर येत होती. अशा वेळी लीडर म्हणाला, "चला पटकन जाऊ, दहा मिनिटांचं काम आहे." चार-पाच पोरं पुढं झाली पण. गुहागरचे दादा एरवी एवढे हळू बोलणारे, ते ओरडले, "एक पाऊल पुढं टाकू नका. जाल, पण परत कसे याल?" पोरं परत आली. दहा मिनिटांनी ज्या खडकावर ती उभी होती त्याच्यावरून पाणी जात होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यातल्या एका पोराची आई माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात माझ्या दंडावर होता, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

मला राग उशीर झाल्याचा नाही. वासोट्याला फॉरेस्टचं गेट असतं, बोटवाला असतो, उशीर करूच देत नाहीत, म्हणून तिथं सगळं वेळेत होतं. समुद्राच्या काठी हटकायला कोणी बसलेलं नसतं, तिथं वेळ पाळणं हे सर्वस्वी लीडरचं काम, आणि उशीर झालाच तर तो भाग सोडून देणं हे तर त्याहून. आदल्या दिवशी पाऊणपटीचा हिशेब शिकवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच विसरायचा हे मला मान्य नाही. एकही लाइफ जॅकेट किंवा दोर बरोबर नव्हता हे पण मला खटकलं.

मग गाडीनं हेदवीला गेलो. दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं आणि दोनच्या सुमाराला बामणघळ. काळ्या खडकातली अरुंद चीर, भरतीचं पाणी आत घुसतं आणि उंच फवारा उडतो. इथं मात्र लीडरनं सगळ्यांना बरंच मागं उभं केलं आणि कोणाला पुढं जाऊ दिलं नाही, सकाळचं त्याला लागलं होतं ते दिसत होतं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मी त्यांच्या ऑफिसला फोन केला आणि हे सगळं असंच सांगितलं. जो मुख्य चालवतो त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. "ताई, चूक आमचीच आहे," म्हणाला, कारणं दिली नाहीत. गुहागरला मी आत्ता तरी दहापैकी सात देते, जेवण, राहणं, कासवं आणि ते दादा ह्यांच्यासाठी. गुडघ्याचा त्रास असेल तर वासोट्यापेक्षा गुहागर सोपं आहे, फक्त ओल्या वाळूवरून चाला आणि पहिल्या दिवसाचं चालणं चुकवू नका. बरोबर जाताना टोपी, जास्तीचे मोजे, आणि वासोट्याला ग्रिपचे बूट लागतातच.

परवा त्यांचा पुढच्या ट्रिपेचा मेसेज आला, परत गुहागर. पहिल्याच ओळीत दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्यात आणि त्याखाली, पाच वाजून पाच मिनिटांनी गाडी सुटेल, कोणासाठी थांबणार नाही. मी वन्संना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "वहिनी, तिथी कोणती आहे बघा की."